तीनदा कोरोना झाला, आता जिना चढताना धाप लागते: ती त्याचीच का?

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातल्या एक शिक्षिका, वय ४१. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला. छातीच्या स्कॅनचा म्हणजे एचआरसीटीचा स्कोअर २५ पैकी १४, नऊ दिवस दवाखान्यात, त्यातले पाच दिवस ऑक्सिजनवर, स्टेरॉइडही दिलेलं. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा, तीन दिवस ताप, घरच्या घरी बरा. जून २०२५ मध्ये तिसऱ्यांदा, किटवर दोन रेघा. त्याला चार महिने झाले, पण शाळेचा जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, वर्गात मुलांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. दीर रोज एक बातमी पाठवतात: 'कोरोनाने हृदयविकार ७२ टक्क्यांनी वाढतो', 'कोरोनाने मेंदू आक्रसतो'. जवळच्या लॅबने साडेसहा हजारांचं 'पोस्ट कोविड पॅकेज' सुचवलंय. ते करावं का? आणि दर वेळी कोरोना झाला की शरीर आतून पोखरलं जातं का?

ताई, मी छातीविकारतज्ज्ञ आहे. चोवीस वर्षं ओपीडी बघतोय, २०२१ चा एप्रिलही त्यातच बघितला. पॅकेजबद्दल आधीच सांगून टाकतो: आत्ता करू नका. का, ते पुढे येईलच. त्याआधी तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत ते सोडवू या. एक प्रश्न संशोधनाचा आहे: हा विषाणू माणसांच्या शरीराचं एकूण काय करतो? दुसरा तुमच्या जिन्याचा आहे: मला, आज, धाप का लागते? दिरांच्या बातम्या पहिल्या प्रश्नाबद्दल बोलतात. तुम्ही त्या वाचून दुसऱ्याचं उत्तर काढताय आणि म्हणून घाबरताय. ओपीडीत येणारे निम्मे लोक हेच करतात, त्यामुळे यात तुमचं काही चुकलं असं मानू नका.

पोखरलं जाण्याच्या भीतीपासून सुरुवात करतो. माणसाला होणारे कोरोना विषाणू आजवर सात सापडलेत. त्यातले चार आपल्याला साधी सर्दी देतात आणि आपल्यात खूप वर्षांपासून नांदताहेत. त्यांची नावं मोटारींच्या नंबरांसारखी आहेत: २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१. पहिले दोन १९६० च्या दशकात सापडले. एनएल६३ हॉलंडमध्ये सात महिन्यांच्या एका बाळात सापडला, त्याची नोंद २००४ ची. एचकेयू१ त्यानंतर वर्षभरात हाँगकाँगमध्ये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कुळाचं रूप ओळखणाऱ्या जून अल्मेडा या बाई ग्लासगोच्या एका बसचालकाची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली. विषाणूभोवती प्रभामंडळासारखी झालर दिसली म्हणून १९६८ मध्ये 'कोरोना' हे नाव रूढ झालं. म्हणजे २०२० मध्ये आपल्याला नवा वाटलेला हा शब्द तुमच्या-माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे.

या चौघांचा इतिहास तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतो. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम २२९ई हा विषाणू सोडला गेला आणि वर्षभराने पुन्हा तोच. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्यांदा लागण झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुन्हा लागण झाली, पण सर्दी मात्र झाली नाही, आणि विषाणू बाहेर टाकण्याचे दिवसही कमी भरले. पुढे २०२० मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांचे कित्येक वर्षं साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. चारही सर्दीवाल्या कोरोनांची लागण त्यांना पुन्हा पुन्हा झालेली होती, आणि बहुतेक वेळा दोन लागणींमध्ये साधारण बारा महिन्यांचं अंतर होतं.

म्हणजे पुन्हा पुन्हा होणं हा या कुळाचा जुना स्वभाव आहे. तुम्हाला तीनदा झाला म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती संपली, असा अर्थ काढू नका. उलट तुमच्याच तीन वेळा शेजारी ठेवून बघा. पहिल्या वेळी शरीराची विषाणूशी ओळखच नव्हती, नऊ दिवस दवाखाना. दुसऱ्या वेळी लस झालेली असणार, तीन दिवस ताप. तिसऱ्या वेळी किट नसतं तर 'पावसात भिजले' म्हणून सोडून दिलं असतंत. दुसऱ्या वेळचा विषाणूही ओमिक्रॉनच्या लाटेतला, फुप्फुसात कमी उतरणारा, हेही खरं. पण ओळखीचा भाग मोठा आहे. रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात; पेशींची आठवण मात्र टिकते. २००३ चा सार्स हा याच कुळातल्या विषाणूचा आजार; त्यातून वाचलेल्या माणसांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, सिंगापूरच्या शास्त्रज्ञांना सापडल्या.

जाता जाता एक गंमत. एनएल६३ हा सर्दीवाला विषाणू आपल्या पेशीत शिरायला एसीई-२ हेच दार वापरतो, जे २००३ चा सार्स आणि आपला कोविडचा विषाणू वापरतो. दार एकच, पण एक जण शिंका देऊन जातो आणि दुसऱ्याने घरंच्या घरं रिकामी केली. त्यामुळे 'विषाणू अमुक अवयवाच्या पेशीला चिकटतो असं सिद्ध झालं' अशी बातमी आली की मी लगेच दचकत नाही. चिकटणं ही गोष्टीची सुरुवात असते.

पण म्हणून 'आता काय, सर्दीच ती' असंही म्हणणार नाही. याच कुळातल्या तिघांनी माणसं मारली. २००२-०३ च्या सार्समध्ये ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू झाले. २०१२ मध्ये सौदी अरेबियात सापडलेला, उंटांकडून येणारा मर्स तर नोंदलेल्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला नेतो. आणि कोविडचं मला आकड्यांत सांगायची गरज नाही, तुम्ही ते वॉर्डात बघितलंय. शिवाय सौम्य आजारानंतरही काही जणांचा त्रास महिनोन्महिने रेंगाळतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. प्रत्येक लागणीबरोबर ती चिठ्ठी पुन्हा एकदा काढली जाते. चिठ्ठी वाईट निघायची शक्यता लस आणि आधीच्या ओळखीमुळे कमी झालीय, शून्य झालेली नाही.

आता दिरांचा ७२ टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्य नोंदींवरून २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास आला. कोविड झालेले दीड लाखांहून अधिक लोक आणि न झालेले पन्नास लाखांहून अधिक, अशी वर्षभराची तुलना होती. त्यात हृदय अशक्त होण्याचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा धोका ७२ टक्क्यांनी जास्त दिसला. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडाही दिला होता, जो मोबाइलवर फिरत नाही: वर्षभरात दर हजारी सुमारे १२ जास्तीची माणसं. ७२ टक्के ऐकलं की वाटतं शंभरातल्या बहात्तर जणांचं हृदय गेलं. प्रत्यक्षात हजारात बारा. ही बाराही थोडी नाहीत. देशभराच्या लोकसंख्येला लावली तर दवाखाने भरतील, म्हणून सरकारने आणि डॉक्टरांनी त्यांची काळजी करायलाच हवी. पण एका माणसाने जिना चढताना मनात धरून बसावा असा तो आकडा नाही.

ती माणसं कोण होती, हेही बघा. बहुतेक पुरुष, सरासरी वय साठीच्या पुढे, आणि लागण मार्च २०२० ते जानेवारी २०२१ मधली, म्हणजे लस जवळपास कुणालाच मिळालेली नव्हती. आजार जितका गंभीर तितका धोका जास्त, घरी बऱ्या झालेल्यांत कमी, आयसीयूत राहिलेल्यांत सगळ्यात जास्त. तुमची २०२५ ची लागण त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. २०२१ ची थोडीफार बसते, पण तुमचं वय आणि लिंग दोन्ही वेगळं. असा अभ्यास वाचताना मी आधी तीनच गोष्टी शोधतो: कोणाची तुलना कोणाशी केली, लागण कोणत्या साली झाली आणि हजारी किती माणसं वाढली. बातमीत या तीन गोष्टी नसतील तर दिरांना एक नमस्काराचं चिन्ह पाठवायचं आणि चहा प्यायचा.

मेंदूचंही तसंच. तो अभ्यास ब्रिटनमधला, २०२२ चा, आणि तो मला आवडतो, कारण त्या लोकांचे मेंदूचे स्कॅन कोविडच्या आधीपासून काढून ठेवलेले होते. ७८५ माणसं, वय ५१ ते ८१, त्यातल्या ४०१ जणांना दोन स्कॅनच्या मध्ये कोविड झाला. वास घेण्याशी संबंधित भागांत न झालेल्यांच्या तुलनेत ०.२ ते २ टक्के जास्तीचा फरक सापडला. पुढे तो भरून येतो की नाही, हे त्या दोन स्कॅनमधून कळणार नव्हतं. मुलांची नावं न आठवणं याचं थेट कारण तिथे शोधायला जाऊ नका. झोप मोडली, हिमोग्लोबिन उतरलं, बी-१२ किंवा थायरॉइड बिघडलं की हाच विसराळूपणा येतो, आणि या सगळ्यांवर इलाज आहेत.

संशोधनातला जो भाग तुमच्या खरोखर कामाचा आहे, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. तो २००३ च्या सार्सचा आहे. बीजिंगमध्ये दवाखान्यातच सार्स झालेल्या ७१ कर्मचाऱ्यांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला गेला. त्यांच्या फुप्फुसांवरचे डाग मुख्यतः पहिल्या वर्षात सुधारले, त्यानंतर फारसा बदल झाला नाही. जे उरलं ते स्थिर राहिलं. तुमची मोठी लागण साडेचार वर्षांपूर्वीची. तेव्हाचं फुप्फुस आज अचानक बिघडेल, हे या अनुभवाशी जुळत नाही. त्यातही मला एक विचारायचंय: जून २०२५ च्या आधी तुम्ही तोच जिना धाप न लागता चढत होतात का? चढत होतात, तर २०२१ च्या १४ स्कोअरला आजचा दोष देता येत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट हाडांची. सार्समध्ये स्टेरॉइड भरमसाठ दिलं गेलं आणि पुढे अनेकांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजलं. मुंबईतल्या डॉक्टरांनीही २०२१ मध्ये कोविडनंतरच्या अशा तीन रुग्णांची नोंद केली होती. तुम्हाला ऑक्सिजन लागत होता, त्यामुळे स्टेरॉइड देणं बरोबरच होतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक-पंचमांशाने आणि व्हेंटिलेटरवरच्यांचे एक-तृतीयांशाने कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही, तरी त्या काळात घरी पडलेल्या साध्या तापालाही ते सर्रास दिलं गेलं. असो. जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसताना कळ येत असेल, तर ते 'सांधे दुखतात' म्हणून सोडू नका. खुब्याचा एमआरआय लागेल. काही दुखत नसेल तर तपासत बसायची गरज नाही.

आता जिन्याकडे येतो. 'कोविडनंतर दम लागतो' म्हणून येणाऱ्या माणसाला मी आधी विचारतो: दम कधी लागतो? चढताना लागून वर पोचल्यावर दोन मिनिटांत जातो का? की काम करताना बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही? की नुसतं उभं राहिलं तरी धडधड सुरू होते आणि आडवं पडलं की थांबते? या तिघांचे रस्ते वेगळे आहेत. एकाच पॅकेजमध्ये तिघांना कोंबलं की पैसे जातात आणि निदान हुकतं.

पहिला रस्ता. माझ्याकडे एक बाई आठ महिने 'पोस्ट कोविड' हे लेबल घेऊन फिरत आल्या. दोन सीटी झाले होते, दोन्ही चांगले. खालच्या पापणीचा रंग बघितला तर कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन ७.८. पाळीला अति रक्तस्राव होत होता, कुणी विचारलंच नव्हतं. दुसरे एक गृहस्थ, ट्रॅक्टरवाले, दोन महिन्यांचा खोकला 'कोरोनानंतरचा' म्हणून काढा पीत होते. थुंकीत टीबी निघाला. आपल्या भागात पंधरा दिवसांवर खोकला गेला की थुंकी तपासायची, मग आधी कोरोना झालेला असो वा नसो. विषाणूमुळे दमा जागा होणं हेही रोजचंच. त्यांना रात्री-पहाटे खोकला येतो आणि छातीत शीळ वाजते. चाळिशीत वजन वाढलेलं असतं, साखर चढलेली असते, स्टेरॉइडनंतर तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेची 'पोस्ट कोविड' अवस्थेची व्याख्याही हेच सांगते: लागणीनंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारा, किमान दोन महिने टिकलेला आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारा त्रास. या व्याख्येतला शेवटचा तुकडा सगळेजण गिळून टाकतात. 'दुसरं काही नाही ना' हे बघितल्याशिवाय तो शिक्का मारताच येत नाही.

म्हणून माझी यादी अशी असती: सीबीसी म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी, बी-१२ आणि शरीरातला लोहसाठा सांगणारं फेरिटिन, रक्तदाब, ईसीजी, छातीचा साधा एक्स-रे आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री. तुम्ही धडधड लिहिलीय, शिवाय २०२१ चा आजार मोठा होता, म्हणून एकदा टूडी इको करून घेईन. मग घरी किंवा दवाखान्यात सहा मिनिटं सपाट जागेवर आपल्या चालीने चालायचं, आधी आणि नंतर ऑक्सिमीटर लावायचा. २०२१ मध्ये घराघरांत केली ती हीच चाचणी. चालून आकडा तीन-चारने खाली आला किंवा ९४ च्या खाली गेला तर फुप्फुसाकडे आणखी खोल बघावं लागेल, तेव्हा एचआरसीटीला अर्थ आहे. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर मशीन फसवतं, तेवढं सांभाळा.

लॅबचं पॅकेज, म्हणजे अँटिबॉडी, डी-डायमर, एचआरसीटी असल्या तपासण्या, मी का नको म्हणतोय ते आता सांगतो. अँटिबॉडी: तीनदा आजार आणि लस झाल्यावर ती असणारच. आकडा ८०० आला काय आणि ८,००० आला काय, तुमच्या धापेबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. डी-डायमर ही रक्ताच्या गुठळीची तपासणी: गुठळीचा संशय कमी असताना तो नॉर्मल आला तर दिलासा मिळतो, एवढाच त्याचा उपयोग. कुठल्याही तापाने, सुजेने, वयाने तो वाढतो. संशय नसताना केला आणि थोडा वाढलेला आला, की मग भीती, पुन्हा तपासणी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, अशी साखळी सुरू होते. हे मी वरून उपदेश करत नाही. २०२१ मध्ये मीही प्रत्येकाला डी-डायमर लिहिलेला आहे. तेव्हा आम्ही अंधारात चाचपडत होतो आणि मृत्यू समोर होता. आज ती सबब नाही. एचआरसीटीचं रेडिएशन साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट असतं, आणि २०२१ चे जुने व्रण त्यात दिसले तर रिपोर्टमध्ये 'फायब्रोसिस' हा शब्द येईल. तो शब्द वाचून माणसं झोपेनाशी होतात, मग भले ते व्रण चार वर्षं जागचे हललेले नसोत.

धडधडीसाठी एक साधी चाचणी घरी करता येते, फक्त शेजारी कुणीतरी असू द्या, कारण चक्कर येऊ शकते. सकाळी दहा मिनिटं शांत पडून राहा, नाडी आणि बीपी लिहा. मग उभ्या राहा, भिंतीला हलका टेकू घेऊन, न चालता, न बोलता. दर दोन मिनिटांनी नाडी, असं दहा मिनिटं. मधेमधे बीपीही घ्या. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा, ओढून ताणून पूर्ण करू नका. बीपी फारसं न उतरता नाडी तीस किंवा त्याहून जास्त वाढून तिथेच राहिली, तर उभं राहिल्यावर रक्त वर ढकलणारी यंत्रणा गडबडलेली असू शकते. त्याला पॉट्स म्हणतात. रक्त कमी असलं, पाणी कमी प्यायलेलं असलं, थायरॉइड जास्त असलं तरी असंच दिसतं, म्हणून आधीच्या रक्ततपासण्या हव्याच. कोविडनंतर पॉट्स झालेले बरेच रुग्ण माझ्याकडे 'टेन्शन आहे' असं ऐकून आलेले असतात, आणि त्यात बायका जास्त. भरपूर पाणी, डॉक्टरने सांगितलं तर जास्तीचं मीठ (बीपीवाल्यांनी मुळीच नाही), पायात घट्ट मोजे, आधी बसून किंवा आडवं होऊन करायचे व्यायाम आणि गरज पडली तर नाडी आवरणारी गोळी. यावर बऱ्याच जणांना फरक पडतो.

राहिला तो रस्ता ज्यात काम केल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. दिवाळीच्या आधी एक दिवस बरं वाटलं म्हणून सगळे डबे घासून काढले, माळा साफ केला, आणि मग तीन दिवस अंथरूण. असं होत असेल तर मला आवर्जून सांगा. कारण इथे आमची नेहमीची 'हळूहळू चालणं वाढवा, जोर लावा' ही शिकवण उलटी पडते. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा त्रास असलेल्या २५ रुग्णांना सायकल चालवायला लावली आणि आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा तपासला. श्रमानंतर त्यांच्या स्नायूंत खराबी वाढलेली दिसली, ऊर्जा तयार करण्याचं काम मंदावलेलं दिसलं. पंचवीस ही छोटी संख्या आहे आणि मूळ कारण काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत: विषाणूचे उरलेले तुकडे, भडकलेली प्रतिकारयंत्रणा, बारीक रक्तवाहिन्यांतली गडबड, बरेच तर्क आहेत. पण 'हे सगळं मनाचे खेळ आहेत' असं म्हणायची सोय त्या अभ्यासाने ठेवली नाही. अशा माणसाने दिवसाची ताकद महिन्याच्या पगारासारखी पुरवून वापरायची. बरं वाटलेल्या दिवशीसुद्धा सगळी उधळायची नाही.

यातलं बरंच तुमच्या बाबतीत काय निघतं यावर अवलंबून आहे, म्हणून इथून औषध सांगत नाही. माझा अंदाज विचाराल तर, तुमचं वय, नोकरी आणि लिहिण्याची पद्धत बघता, रक्त कमी असणं किंवा पॉट्स या दोहोंपैकी काहीतरी निघेल. अंदाज चुकूही शकतो. मात्र काही गोष्टींत वाट बघायची नाही: चढताना छातीत दाबल्यासारखं दुखणं, भोवळ येऊन पडणं, एकच पाय सुजून दुखणं, खोकल्यातून रक्त, वजन उतरत जाणं, किंवा बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली. यातलं एकही असेल तर हे वाचणं थांबवून आजच डॉक्टरांकडे जा.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय की 'हे लशीमुळे तर नसेल?' आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ४७ मोठ्या रुग्णालयांतून १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला होता: ७२९ मृत्यू आणि तुलनेला २,९१६ माणसं. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. वाढवणाऱ्या गोष्टी होत्या कोविडसाठी दवाखान्यात भरती झालेली असणं, घरात कुणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू आणि झेपेल त्याहून अचानक जास्त व्यायाम. लशीचे दुर्मीळ दुष्परिणाम खरे आहेत, पण ते डोसनंतरच्या काही दिवस-आठवड्यांत दिसतात. तुमचा त्रास जूनच्या तापानंतर सुरू झालाय, तेव्हा शोध तिथूनच घ्यायचा.

तर आधी सीबीसी, टीएसएच आणि ईसीजी करा, आणि तीन वेगवेगळ्या सकाळी उभं राहून घेतलेले नाडीचे आकडे एका कागदावर लिहा. कागद घेऊन जवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. आकडे समोर असले की तेही घाईने 'टेन्शन घेऊ नका' म्हणत नाहीत. आणि रिपोर्ट येईपर्यंत मुख्याध्यापकांना सांगून वर्ग खालच्या मजल्यावर मागून घ्या. कोणी काही म्हणालं तर माझ्या नावावर खपवा.